आत्याचं चालू झालं की

आईने शाळेतली नोकरी सोडली ती एका दुपारी, उभ्या उभ्या.

ती बालवर्गाला शिकवायची. तिचा मधला मुलगा त्याच शाळेत पहिलीत होता. खडूचा डबा आणायला ती वरच्या मजल्यावर गेली, तर मधला वर्गाच्या दाराबाहेर भिंतीला टेकून बसलेला. मांडीवर रंगवायची वही. काहीतरी उपद्व्याप केला असेल असं वाटून तिने विचारलं, "काय केलंस?"

"काही नाही," तो म्हणाला. "वा-वाचनाचा तास आहे."

चौकशी केल्यावर कळलं, की मधला वाचताना अडखळतो, वर्ग हसतो आणि तास बिघडतो, म्हणून वाचनाच्या तासाला त्याला बाहेर बसवायचं असं ठरलं होतं. तीन महिन्यांपासून. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "त्याच्याच भल्यासाठी आहे. मुलं हसतात हो."

"मग हसणाऱ्यांना बाहेर बसवा."

"तीस जणांना?"

"हो. तीस जणांना."

मुख्याध्यापिकांनी हसून मान हलवली. त्या हसण्याने आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने राजीनामा लिहिला, मधल्याचं नाव काढलं, आणि चौथीत पहिल्या पाचांत असलेल्या ताईचंही काढलं. ताईने रडून घर डोक्यावर घेतलं. आईने ऐकलं नाही. रागाच्या भरात तिला एकच दिसत होतं, की या इमारतीत आपलं काही ठेवायचं नाही.

मधल्याला जन्मताना श्वास घ्यायला उशीर झाला होता. त्यामुळे त्याचा उजवा हात कोपरात आखडलेला राहिला. शब्द घशात अडकायचे आणि मग एकदम मोठ्याने बाहेर पडायचे. एखाद्या कामात लक्ष लागलं, की ओठाच्या कोपऱ्यातून लाळ यायची. एवढं सोडलं तर तो त्याच्या वयाच्या कुठल्याही मुलासारखा हट्टी, खादाड आणि चौकस होता. हातात काही पडलं की आधी मोजायचं, मग बाकीचं.

घरची शाळा सुरू झाली. बाबा सुतार होते, घराच्या मागच्या गल्लीत त्यांचा कारखाना होता. त्यांनी बाहेरच्या खोलीत बसेल एवढं लांब टेबल केलं आणि चार वेगवेगळ्या उंचीच्या खुर्च्या केल्या. आपापली खुर्ची ओढून कुणीही कुठेही बसलं तरी कोपर टेबलाला बरोबर लागायचं. पुढच्या दोन वर्षांत ताई अकराची झाली, मधला आठचा, चिऊ पाचची, आणि शेंडेफळ ढब्बू तीन वर्षांचा.

चार वयांना एका वेळी शिकवायचं म्हणजे तारेवरची कसरत. पहिले काही महिने आई एकाला घेऊन बसली की दुसरा खिडकीवर चढायचा. मग हळूहळू तिला युक्ती सापडली. खेळ एकच, काम प्रत्येकाचं वेगळं. टपालाचा खेळ त्यातूनच निघाला. चौघांच्या आणि आईच्या नावाच्या पाच पेट्या भिंतीवर. ताईने दोन पानी पत्र लिहायचं, मधल्याने चार ओळी, चिऊने चित्र काढून खाली नाव घालायचं, आणि ढब्बू पोस्टमन. ढब्बू सगळी पत्रं एकाच पेटीत कोंबायचा, मग मधला पत्ते वाचून ती नीट लावायचा. पत्ता चुकला की दुसऱ्याचं गुपित कळायचं, त्यामुळे मधला पत्ते फार काळजीने वाचायचा. शाळेत जे तीन वर्षांत झालं नसतं ते सहा महिन्यांत झालं. वाचायला अजूनही वेळ लागायचा, पण लागणारा वेळ त्याचा स्वतःचा होता.

दुकान मांडायचं, अंगणात सावल्या मोजायच्या, बादलीत काय तरंगतं आणि काय बुडतं ते आधी पैज लावून मग बघायचं. खोलीत कायम पाणी सांडलेलं, कागदाचे कपटे, कारखान्यातून आलेला भुसा. नातेवाईक यायचे, पाय उचलून उचलून चालायचे आणि जाताना बाबांना बाजूला घेऊन म्हणायचे, "मुलांचं वाटोळं करतेय ही. तू काही बोलत का नाहीस?" आईला ते ऐकू यायचं. ती दात-ओठ खाऊन फरशी पुसत राहायची.

मग आत्या राहायला आली.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. जाहिराती करणाऱ्या एका कंपनीत होती. ती कंपनी बंद पडली, तेव्हा दादाकडे वरच्या खोलीत आली. बोलायला चटपटीत, मनाने मोकळी. मुलांना ती आल्या दिवसापासून आवडली आणि खरं सांगायचं तर आईलाही आवडली. दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी घरात येऊन म्हणालं, "वहिनी, तू हे काय भारी करतेयस. आणि हे कुणाला माहीतच नाही?"

आत्याने मोबाईल काढला आणि खेळ टिपायला लागली. दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ, खाली नेटकं लिहिलेलं. महिन्याभरात लोक ते बघायला लागले, चौथ्या महिन्यात रस्त्यात बायका थांबवून चिऊचा गाल ओढायला लागल्या. ज्या नातेवाईकांनी वाटोळं म्हटलं होतं त्यांचेच फोन आले, "आमच्या शेजारणीला सांगितलं, ती आमची सूनबाई." आई फोन ठेवून एकटीच हसायची. एवढा अपमान गिळल्यावर कौतुक गोड लागतं, आणि तिला ते लागलं. व्हिडिओ मात्र तिने बसून कधी पाहिले नाहीत. दिवसभर जे केलं तेच पुन्हा बघायला फुरसत कुणाला होती? आत्या दाखवायची तेवढं ती कणीक मळता मळता बघायची आणि छान म्हणायची.

मग खेळण्यांच्या एका कंपनीकडून निरोप आला. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी ते एक खोका काढणार होते. आत कागद, ठोकळे, वजनं, आणि वर या घराचा फोटो. शनिवारी त्यांची माणसं घरी येऊन चित्रीकरण करणार होती. आत्या आठवडाभर हवेत होती.

गुरुवारी सकाळी पुलाचा खेळ चालला होता. दोन ठोकळ्यांवर कागद आडवा ठेवायचा आणि त्यावर बाबांच्या कारखान्यातले नट ठेवत जायचे. कुठला कागद किती नट पेलतो? सपाट कागद तीन नटांत कोसळला. कोसळला की ढब्बू टाळ्या वाजवायचा, त्याला तेवढंच हवं होतं. चिऊ घड्या घालत होती, ताई आकडे लिहीत होती, आणि नट ठेवायचं काम मधल्याचं. डाव्या हाताने एकेक नट उचलून, श्वास रोखून. कागदाला पंख्यासारख्या बारीक घड्या घातल्या तर तो जास्त पेलेल, हे त्यानेच सुचवलं होतं. एकेचाळीस झाले. बेचाळीस झाले. ताई उभी राहिली. मधला ओरडला, "त्रे-त्रेचाळीस."

वरून धावत आत्या आली. "थांबा, थांबा, हे घेऊ या." तिने मोबाईल स्टँडवर लावला.

मधल्याने हातातला नट टेबलावर ठेवला. आपली वही उचलली. खुर्ची नीट आत सरकवली आणि स्वयंपाकघरात निघून गेला. कुणी त्याला काही म्हटलं नव्हतं. चिऊ त्याच्या जागी सरकली आणि तिने तोच नट उचलला. ताईने वहीचं पान उलटलं. सगळं इतकं गुपचूप आणि सवयीने झालं, की आईचा हात तसाच हवेत राहिला.

"चिऊ, आता ठेव," आत्या म्हणाली, "आणि तोंड असं कर, की तुला खूप आश्चर्य वाटलंय."

आई उठून आत गेली. मधला दारामागे उपड्या बादलीवर बसला होता. गुडघ्यावर वही, त्यात त्रेचाळीस उभ्या रेघा.

"इथे का बसलास रे?"

"आत्याचं चालू झालं ना."

"मग?"

"मग मी इथे. ति-तिने हाक मारेपर्यंत."

"आणि हाक मारते ती?"

मधल्याने जरा विचार केला. "विसरते," तो म्हणाला. "तिला खूप काम असतं."

"रोज असं?"

"रोज नाही. चालू झालं की."

तो रडत नव्हता, रुसलाही नव्हता. शेजारच्याला बसची वेळ सांगावी तसं त्याने सांगितलं. आईला वाटलं, याने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. तिने बादलीकडे पाहिलं. शेजारी त्याची पेन्सिल, शार्पनर, अर्धा खाल्लेला ब्रेड, भिंतीवर पेन्सिलीने काढलेली छोटी पट्टी, सेंटीमीटरच्या खुणा असलेली. पोराने तिथे संसार थाटला होता.

ती बाहेर आली आणि मोबाईलसमोर उभी राहिली.

"वहिनी, मध्ये आलीस," आत्या म्हणाली.

"बंद कर."

"दोनच मिनिटं. बघ, पन्नासपर्यंत…"

"बंद कर म्हटलं ना."

आत्याने आईचा चेहरा पाहिला आणि बंद केलं. आईने धाकट्यांना अंगणात पाठवलं. ताई जागची हलली नाही.

"किती व्हिडिओंत आहे तो?" आईने विचारलं.

आत्याने कोण म्हणून विचारलं नाही. एवढ्यावरूनच आईला सगळं कळलं.

"वहिनी, ऐकून घे. पहिल्या व्हिडिओत होता. बादलीत वस्तू बुडवायच्या, तो. मी टाकला आणि खाली लोकांनी काय काय लिहिलं ते तुला माहीत नाही. मी ते तुला दाखवलं नाही. दोन तासांत काढून टाकला. मी इथे बसून रडले होते."

"दाखव."

"कशाला आता?"

"दाखव म्हणते ना."

लोकांनी लिहिलेल्याचा आत्याने फोटो काढून ठेवला होता. आईने तो वाचला. कुणी लिहिलं होतं, याला आधी डॉक्टरकडे न्या, मग शाळा काढा. कुणी लिहिलं होतं, लाळ बघून जेवण जाईना. एकाने नुसतं हसणारं तोंड टाकलं होतं आणि त्याखाली आणखी वीस जणांनी तसंच. आईने शेवटपर्यंत वाचलं.

"मग या माणसांना काढायचं होतंस," ती म्हणाली. "याला का काढलंस?"

"हजारो माणसं आहेत ती. कुणाकुणाला काढू? मी त्याला जपत होते गं."

"दारामागे? बादलीवर?"

"तू तरी काय केलंस?" आत्याचा आवाज चढला. "मी मोबाईल काढला की तूच म्हणायचीस, मधल्या, जरा ढब्बूला आत घेऊन जा. एकदा नाही, दहादा म्हणालीस. मला वाटलं तुलाही तेच हवंय. फक्त बोलायचं नाहीये."

ती तसं म्हणाली होती. ढब्बू मध्ये लुडबुडतो म्हणून म्हणाली होती, असं तिला अगदी खात्रीने वाटत आलं होतं. पण ढब्बूला आत न्यायला ताई का नाही, चिऊ का नाही, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. त्या क्षणी आत्याचा जेवढा राग आला होता त्याच्या दुप्पट स्वतःचा आला, आणि तो कुठे काढावा हे कळेना, म्हणून तोही तिने आत्यावरच काढला. शाळेने निदान उघड उघड बाहेर बसवलं होतं, तू तर दारामागे लपवलंस, असं बरंच काही बोलली. त्यातलं अर्धं तिलाही नंतर आठवेना.

ताई कोपऱ्यातून म्हणाली, "आई, पुरे."

"तुला माहीत होतं?"

ताईने खाली पाहिलं.

आई चपला न घालताच मागच्या गल्लीत गेली. बाबा यंत्रावर फळी सरकवत होते. तिला बघून त्यांनी यंत्र बंद केलं. केसांवर, भुवयांवर भुसा.

"आत्या चित्रीकरण करते तेव्हा मधला कुठे असतो, माहीत आहे तुम्हाला?"

बाबांनी फळीवरून हात फिरवला. "आत असतो."

"कधीपासून माहीत आहे?"

"सुरुवातीपासून. मला वाटलं, तुझंच ठरलंय ते. तुला न विचारता ती काही करत नाही."

"आणि तू मूग गिळून बसलास."

लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि ती त्यांना पहिल्यांदा अरे-तुरे करत होती. दोघांच्याही ते लक्षात आलं. तिने ते मागे घेतलं नाही.

"मी त्याला विचारलं होतं," बाबा म्हणाले. "तो म्हणाला, चालतं."

"आठ वर्षांचा आहे तो. त्याला आपण जे देऊ ते चालतं. उद्या माळ्यावर झोपवला तर तेही चालेल."

बाबांनी भुवयांवरचा भुसा पुसला. मग म्हणाले, "घरात दोन वर्षांनी सगळे हसायला लागले होते. तूसुद्धा. मला ते मोडायचं नव्हतं."

खोटं असतं तर भांडता आलं असतं. ती तशीच अनवाणी परत आली.

शनिवारचं चित्रीकरण तिने रद्द केलं नाही. सगळ्यांना वाटलं, राग ओसरला. तो ओसरला नव्हता, नुसता शांत बसला होता. तिने मधल्याला नवा पिवळा शर्ट घातला, केसांना पाणी लावून भांग पाडला आणि कंपनीची माणसं यायच्या आत त्याला टेबलाच्या बरोबर मध्यभागी खुर्चीत बसवलं. आत्याने बघितलं. तिने टेबलावरचे नट सरळ रेषेत लावले.

कंपनीच्या बाई हसतमुख होत्या. त्यांच्याबरोबर कॅमेरावाला आणि दिवे लावणारा. दोन तास दिवे हलवण्यात गेले. खोलीत इतका उजेड झाला, की टेबलावरच्या पेन्सिलीच्या जुन्या रेघासुद्धा दिसायला लागल्या. मग बाई मधल्याकडे बघून गोड आवाजात म्हणाल्या, "याला जरा कडेला घेऊ या का? दिव्याच्या दृष्टीने."

"दिवा इथेच सगळ्यात जास्त आहे," आई म्हणाली.

बाईंनी आत्याकडे पाहिलं. आत्याने खिडकीकडे.

"बरं, करून बघू."

कॅमेऱ्यावर लाल ठिपका लागला. मधला उठला. वही घेतली, खुर्ची आत सरकवली.

"बस," आई म्हणाली.

तो बसला. पुन्हा लाल ठिपका लागला. पुन्हा उठला. चिऊ खुदकन हसली.

"बस म्हटलं ना. हलायचं नाही."

"चा-चालू झालं," तो म्हणाला. आईला एवढं साधं कसं कळत नाही, असा चेहरा करून.

"चालू झालं तरी बसायचं. ही तुझी जागा आहे. सगळ्यांना दिसू दे तू."

तिसऱ्यांदा तो उठला, तेव्हा आईने त्याचा दंड धरला आणि त्याला खाली दाबलं. दंड उजवा होता, आखडलेला. तिला ते कळलं, तरी तिने सोडला नाही. शाळेच्या मुख्याध्यापिका, ती हसणारी तोंडं, आत्या, नवरा, स्वतः, सगळ्यांशी ती त्या एका दंडावर भांडत होती.

मधल्याचा श्वास वर गेला, ओठ थरथरले, शब्द अडकला, आणि मग खोलीभर घुमला. "म-म-मला नाही दिसायचं."

कॅमेऱ्याचा ठिपका तसाच लाल होता.

आईने हात सोडला. पिवळ्या बाहीवर तिच्या बोटांनी सुरकुत्या पडल्या होत्या. मधल्याने वही उचलली, या वेळी खुर्ची आत सरकवली नाही, आणि स्वयंपाकघरात गेला. दार त्याने आतून ओढून घेतलं.

"जा तुम्ही," आई म्हणाली.

"आपण त्याच्याशिवाय…" कंपनीच्या बाई म्हणाल्या, "म्हणजे, तो शांत होईपर्यंत."

"जा म्हटलं ना."

"अहो, दोन तास दिवे लावलेत."

"काढायला एवढा वेळ लागत नाही. काढा."

ते गेले. जाताना कॅमेरावाल्याने भुवया उंचावून दिवेवाल्याकडे पाहिलं. आईला ते दिसलं, पण त्याच्यावर ओरडण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती. आत्या वर गेली आणि संध्याकाळी बॅग घेऊन खाली आली. मैत्रिणीकडे जाते म्हणाली. दारात थांबून तिने सांगितलं, "सगळे व्हिडिओ काढून टाकलेत. तू म्हणायच्या आत." आई हो म्हणाली. थांब म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी आई दारामागे जाऊन जमिनीवर बसली. मधला बादलीवर.

"काल मी तुला ओढलं," ती म्हणाली.

"हात दुखला."

"हो. माझं चुकलं."

"परत नको करू."

"नाही करणार."

त्याने तिच्याकडे बघून खात्री करून घेतली आणि रेघा मारायला लागला. एवढ्याने तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

सोमवारी सकाळी ती उठून पाहते तर स्वयंपाकघराला दारच नाही. बाबांनी पहाटे बिजागऱ्या काढून ते कारखान्यात नेऊन ठेवलं होतं. दारच नसेल तर त्यामागे कुणी बसणार नाही, असा त्यांचा साधा हिशोब. मधला बादली घेऊन उघड्या चौकटीत उभा होता, आपली जागा कुठे गेली हे शोधत.

"आता दार काढून काय होणार?" आई बाबांवर तुटून पडली. "ज्या दिवशी बोलायचं त्या दिवशी गप्प, आणि आता पोराचा आडोसा पळवता? आणा ते परत. आत्ताच्या आत्ता."

बाबांनी मुकाट्याने दार परत बसवलं. मधल्याने स्क्रू मोजून दिले.

सगळ्यात मोठा तडाखा मात्र ताईकडून आला. चार दिवस ती आईशी बोलली नाही. पाचव्या दिवशी भांडी पुसताना म्हणाली, "मला आवडायचं ते. लोक ओळखायचे ते."

"आणि तुझा भाऊ दारामागे असायचा तेही?"

"ते नाही आवडायचं. पण मी बोलले असते तर तू सगळं बंद केलं असतंस. बघ, केलंसच." तिने ताट ठेवलं. "माझी शाळा पण तू अशीच बंद केलीस. त्याचा राग आला की तू माझं सगळं बंद करतेस. माझ्यासाठी तुला कधी राग येतो?"

आईच्या तोंडावर उत्तर आलं होतं, झणझणीत. ते तिने गिळलं, कारण पोरगी खरं बोलत होती. पुढच्या आठवड्यात दोघी जणी गावातल्या दुसऱ्या एका शाळेत जाऊन आल्या. ताईला ती आवडली. नवीन सत्रापासून ती तिथे जाणार असं ठरलं, आणि टपालाच्या पेटीत ताईने आईला दोन वर्षांतलं पहिलं स्वतःहून लिहिलेलं पत्र टाकलं. दोनच ओळी होत्या. अजून रागावलेय, पण कमी.

मधला टेबलापाशी यायला तयार नव्हता. आईने ओढलं नाही. अभ्यास दारामागे पाठवायची, उत्तरं दारामागून यायची. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी चिऊ आणि ढब्बू बाहेर नट मोजत होते. चिऊने एकवीस, बावीस, चोवीस म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा बावीस, चोवीस. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा दार धाडकन उघडलं.

"ते-ते-तेवीस कुठे गेला?" मधल्याने ओरडून विचारलं, आणि येऊन बसला.

आत्या आता एक रविवार आड येते. मोबाईल पिशवीत ठेवते आणि पिशवी खुंटीला. मधल्याशी पैजा लावते, हरते. आई तिला चहा देते, साखर किती हे न विचारता बरोबर घालते, पण कामापुरतंच बोलते. आत्याही जास्त मागत नाही.

मध्यंतरी आई मुलांना घेऊन किराणा दुकानात रांगेत उभी होती. पुढच्या बाईने वळून चिऊला ओळखलं. "अगंबाई, तुम्हीच ना त्या? किती छान खेळ असायचे. बंद का केलेत?"

आईने काहीतरी गुळमुळीत सांगायला सुरुवात केली. वेळ मिळत नाही, मुलांचा अभ्यास वाढला, असं. तेवढ्यात मधल्याने तिची बाही ओढली. त्याला बोलायचं होतं. शब्द अडकला. रांग थांबली. दुकानदाराने वजनकाट्यावरची पिशवी तशीच ठेवली. मागचा माणूस घड्याळ बघायला लागला आणि आईने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याने मनगट खाली घेतलं.

"आ-आई रागावली," मधला अखेर म्हणाला, साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असं.

"हो का?" बाई हसून म्हणाली. "कुणावर रे?"

मधल्याने डाव्या हाताच्या बोटांवर मोजलं. आत्या, बाबा, ताई, लाइटवाले. अंगठ्यापाशी थांबला.

"मा-माझ्यावर पण," तो म्हणाला. "थोडी."

बाईने कसंनुसं हसून आईकडे पाहिलं, ती हे हसण्यावारी नेईल अशा अपेक्षेने.

"खरंय," आई म्हणाली. "राग अजून आहे. तुमची पिशवी राहिली बघा काट्यावर."

बाईने पिशवी उचलली. मधला एक पाऊल पुढे सरकला आणि काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचायला लागला.